घळीतले हिरडे

१७ फेब्रुवारी, सोमवार. वाशिंद

आज ऑफिसात शेखर सरांशी भांडले आणि जिंकले. जिंकल्याचा आनंद इतका की कल्याणहून येताना जिलबी घेऊन आले. आई म्हणाली, "कसली गो?" म्हटलं, "जंगलाची."

भांडण असं. मुरबाड तालुक्याच्या पार टोकाला, सिद्धगडाच्या अलीकडे, कोंडेवाडी नावाचं गाव आहे. तिथल्या ग्रामसभेला भोवतालच्या जंगलाचा सामूहिक हक्क मिळालाय. त्यातला हिरडा एक औषध कंपनी पाच वर्षांच्या ठेक्याने घेणार. पण झाडं किती आणि कुठे, हे तिला आधी कळायला हवं. तो अंदाज काढायचं काम आमच्या ऑफिसकडे आलंय, म्हणजे माझ्याकडे. अख्खं रान मोजणं कुणालाच शक्य नसतं. ठिकठिकाणी दोरीने गोल आखायचा, गोलातली झाडं मोजायची आणि त्यावरून सगळ्या रानाचा अंदाज बांधायचा. सरांचं म्हणणं, गोल गाडीरस्त्याच्या कडेकडेने घे, चार दिवसांत उरकेल.

"शितावरून भाताची परीक्षा, भूमिका."

"सर, भात ढवळलेला असतो. जंगल कुणी ढवळलंय?"

खरंच आहे ते. हिरडा सगळीकडे सारखा नसतो. इथे दाटी, तिथे नावालाही नाही. पण जवळजवळच्या जागा एकमेकींसारख्या असतात, आणि हे सारखेपण किती अंतरापर्यंत टिकतं ते गणिताने काढता येतं. ते एकदा हाती आलं की न पाहिलेल्या जागेबद्दलही बोलता येतं. शिवाय आपलं बोलणं तिथे किती कच्चं आहे, तेही दाखवता येतं. मला या शास्त्रातला हा भाग सगळ्यात आवडतो. आपल्याला काय माहीत नाही, त्याचाही नकाशा निघतो. असा नकाशा लग्नाआधी मिळाला असता तर! पण त्या विषयावर या वहीत लिहायचं नाही असं ठरलंय.

सर शेवटी म्हणाले, "घे चाळीस गोल, रानात वाटेल तिथे. पाय मोडला तर ऑफिस जबाबदार नाही."

मोडू दे.

२० फेब्रुवारी, गुरुवार. कोंडेवाडी

एसटी धसईपर्यंत, पुढे जीप. वनहक्क समितीचे अध्यक्ष लडकूदादा घ्यायला आले होते. काटकुळे, पन्नाशीच्या पुढचे, बोलायला हौशी. वाटभर पाण्याचंच बोलत होते. ठेका झाला की विहिरीवर मोटर बसवायची, घरोघरी नळ न्यायचा.

"माझी थोरली भैन हाय, अंबूबाई. नवऱ्यानं दुसरी केली तवापासनं मीच पोसतो तिला. म्हातारपनी हंडे उचलते, बगवत नाय, ताई."

माणूस मनापासून बोलत होता. आवडले मला.

माझी सोय त्यांच्या विधवा भावजयीकडे, चंद्रकलामावशींकडे केलीय. मावशींनी आधी माझ्या गळ्याकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"घरी कोन असतं?"

"आईबाबा."

"बरं," म्हणाल्या आणि पाटावर ताट ठेवलं. पुढचं काहीच विचारलं नाही. छान. मला अशीच माणसं हवीत.

टेप धरायला सावळी नावाची मुलगी येणार आहे. माझ्याहून थोडी लहान. सासरहून परत आलीय, भावाकडे राहते. वाट दाखवायला स्वतः मावशी. त्यांच्याइतकं हे रान कुणी चाललेलं नाही, असं दादाच म्हणाले.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पोटऱ्या भरून आल्यात. पहिले गोल पश्चिमेच्या सोंडेवर घेतले. ऐन, कुंभा, बेहडा, मधूनच एखादा हिरडा. कारवीतून दोरी ओढताना हात सोलवटतात. सावळी छातीच्या उंचीवर टेप गुंडाळते, घेर मोठ्याने सांगते, मी लिहिते. तिला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

गाडीरस्त्यावरून यातलं एकही झाड दिसलं नसतं. सरांना फोटो पाठवला. त्यांनी नुसता अंगठा पाठवला.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सोंडेच्या दक्षिणेला खोल घळ आहे. नकाशावर आधीच आखून आणलेल्या चाळीसपैकी पाच गोल तिच्यात पडतात. आज पहिल्यासाठी उतरणार, तोच मावशींनी हात आडवा धरला. "तिकडं आग्या मव्हाचं पोळं हाय. मागल्या साली एक बैल मारला माश्यांनी."

अशा वेळचा नियम ठरलेला आहे. जागा गाठता येत नसेल तर शंभर मीटरच्या आत बदली गोल घ्यायचा. घेतला, वर सोंडेवर. पाच हिरडे. बरेच आहेत.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

घळीतला दुसरा गोल दरड खचल्यामुळे हुकला, तिसऱ्याची वाट कातळावरची, निसरडी. दोन्ही बदलले. मला निसरड्याची भीती नव्हती, पण सावळीने मावशींकडे पाहिलं आणि मग म्हणाली, "नको ताई, मी पडंन." भित्री आहे बिचारी.

१ मार्च, शनिवार

आज बिबट्याची मादी, पिल्लांसकट. म्हणजे मावशींनी सकाळी माग पाहिला म्हणे. उरलेले दोन गोलही सोंडेवर आणले. पाचही हलवावे लागावेत हे नशीबच, पण नियम मोडलेला नाही. प्रत्येक बदलाचं कारण लिहून ठेवलंय. रस्त्याकडेला दोऱ्या टाकून आकडे रंगवणाऱ्यातली मी नव्हे.

संध्याकाळी सावळी एकटीच घळीच्या बाजूने मोळी घेऊन आली. मी ओरडले, "अगं, पिल्लंवाली मादी आहे ना तिकडे?" ती म्हणाली, "ती मला वळखते." आणि दोघी इतक्या हसल्या की मावशींना ठसका लागला. या बायकांचं धाडस कुठे जागं होईल आणि कुठे झोपेल, सांगता येत नाही.

५ मार्च, बुधवार. वाशिंद

चाळीसही झाले. घरी.

आई जेवायला वाढता वाढता म्हणाली, सासरहून, दीपेशच्या मामांचा फोन होता. "रागानं आलीस, आता राग उतरला असंल."

मी रागाने आले नव्हते. नीट विचार करून, बॅग भरून, गॅस बंद करून आले होते. हे आईला कितीदा सांगायचं? जेवण अर्धं टाकलं नाही. मुद्दाम दुसऱ्यांदा भात घेतला.

७ मार्च, शुक्रवार

नकाशा निघाला. हिरड्याचं सारखेपण दोन-अडीचशे मीटरपर्यंत टिकतं, पुढे विरतं. म्हणजे माझे गोल योग्य अंतरावर होते. सर काहीही म्हणोत.

पण दुसरा नकाशा, आपल्या अज्ञानाचा, त्यात एक लालभडक ठिपका आहे. घळ. तिथे एकही गोल नाही, त्यामुळे तिथला अंदाज सगळ्यात कच्चा. आणि गंमत म्हणजे तिन्ही बाजूंनी घळीच्या काठाकडे यावं तसे हिरडे वाढत जातात. एक, तीन, पाच, सहा. आणि मग काहीच माहीत नाही. गोष्ट ऐन रंगात यावी आणि सांगणाऱ्याने उठून जावं, तसं वाटलं.

नमुने कुठे घ्यायचे हे नकाशालाच विचारायचं असतं. नकाशा म्हणतो, घळीत. सोमवारी परत जातेय.

१० मार्च, सोमवार. कोंडेवाडी

मावशी नाही म्हणतात. आज माश्याही नाहीत, मादीही नाही, नुसतं नाही.

"मोजलंस तेवढं पुरे."

"मावशी, नकाशात भोक राहतंय."

"ऱ्हावं दे."

"माझ्या कामात नाही राहत."

"तिथं आसरांचं ठान हाय. बाप्येसुदा जात नाय."

"मी बाप्या नाही."

त्या चुलीकडे वळल्या. सावळी दारात उभी होती, ती निघून गेली. मला कुणी भुताखेतांच्या नावाने थांबवलेलं चालत नाही. उद्या एकटी जाणार.

११ मार्च, मंगळवार

गेले.

दरड नाही. पोळं नाही. व्यवस्थित पायवाट आहे, रोज पाय पडत असावेत इतकी मळलेली. खाली उतरलं की गारवा, आणि हिरडेच हिरडे. असे जुने, रुंद बुंध्याचे हिरडे मी अख्ख्या रानात पाहिले नव्हते. फांद्यांवर बाळहिरडा धरायला लागलेला. प्रत्येक बुंध्याला लुगड्याची चिंधी बांधलेली, कुठे हिरवी, कुठे लाल, कुठे पट्ट्यापट्ट्यांची. एकेक रंग दोन-चार झाडांना.

मी दोरी काढली, आणि तशीच हातात धरून बसून राहिले. माझ्या गणिताने सांगितलं होतं तिथेच सगळं होतं. आनंद व्हायला हवा होता. डोक्यात मात्र पाच गोल, चार कारणं, आणि ते हसणं. मला लहान पोरीसारखं हाताला धरून फिरवलं होतं.

परत आले तेव्हा मावशींनी माझ्या चपलांना लागलेल्या मातीवरून ओळखलं.

"गेलीस."

"तुम्ही खोटं बोललात माझ्याशी."

"बोलले. तू न इचारता गेलीस."

"मी विचारलं होतं. तुम्ही नाही म्हणालात."

"मंग? नाय म्हंजे नायच असतं ना गो?"

हेच वाक्य मी दोन वर्षं दुसऱ्या एका घरात म्हणत होते.

मग मावशींनी सांगितलं. घळीतली झाडं गावातल्या एकट्या बायकांची. नवरा मेलेली, टाकलेली, सासरहून परत आलेली. जिच्या नावावर जमीन नाही, तिला तिथे झाडं. बाई आली की बायका मिळून चिंधी बांधून देतात, मेली की सोडतात. मावशींच्या सासूच्याही आधीपासून चाललंय. हिरडा वाळवून बाजारच्या दिवशी डोक्यावरून नेतात. आसरांची आवई कुणी उठवली, ते काही त्या सांगेनात.

"नकाशात आलं की ठेक्यात गेलं," म्हणाल्या. "मंग कंपनीची मानसं तोडनार, आनि पैसा समितीकडं. आमी दीर-भावांच्या तोंडाकडं बगायचं."

"पण खोटा आकडा मी नाही देणार, मावशी."

"मंग खरा दे. आमचं काय व्हायचं ते व्हईल."

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. गावात रंग, मी ओट्यावर. तीन दिवस आम्ही दोघी कामापुरतंच बोलतोय. अंबूबाई आल्या होत्या, लडकूदादांच्या बहीण. माझ्या गालाला रंग लावून म्हणाल्या, "पोरी, तू नवरा सोडलास का त्यानं तुला?"

"मी."

"बरं केलंस," म्हणाल्या आणि लाटांसारखं डुलत निघून गेल्या.

या गावात माझ्याबद्दल सगळ्यांना सगळं ठाऊक आहे आणि कुणी चकार शब्द काढला नव्हता. मी मात्र त्यांचं एक रहस्य तीन दिवस पोटात घेऊन गुरगुरतेय.

ठरवलं. खोटा आकडा नाही, खराही नाही. घळीत मी मोजलेलं नाही, आणि मोजायची परवानगी मला नव्हती. एवढं खरं आहे, तेवढंच नकाशावर येईल. घळ पांढरी सोडायची.

मावशींना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या, सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "पांढरं दिसलं की लोक इचारतील."

"विचारू देत."

१९ मार्च, बुधवार. कल्याण

सर भडकले. "चाळीस गोल घेतलेस आणि भोक ठेवतेस? सॉफ्टवेअर भरतंय ना ते? काठावर सहा आहेत, आत सहा धर."

"सर, तो आकडा नाही. तो आकडा नसल्याची खूण आहे."

"क्लायंटला पांढरं आवडत नाही."

"मग त्यांना अज्ञानाचा नकाशाही देऊ. लाल आवडेल."

उगाच बोलले. पण मागे घेणार नाही. सर म्हणाले, सत्तावीसच्या ग्रामसभेला मी येतोय, तिथे भरलेला नकाशा दिसला पाहिजे. मी म्हटलं, दिसणार नाही. त्यांनी दार दाखवलं नाही, एवढंच. दुसरा कुणी लॅपटॉपला हात लावणारा नाही ना ऑफिसात.

२७ मार्च, गुरुवार. कोंडेवाडी

आजचं आजच लिहायला हवं.

सभा शाळेत. बाप्ये पुढे, बायका मागे भिंतीला टेकून. शेखर सर, कंपनीचा एक माणूस, लडकूदादा खुर्च्यांवर. मी भिंतीवर नकाशा टाकला. दाट हिरवं म्हणजे हिरडा जास्त, फिकं म्हणजे कमी. आणि मधोमध घळ, पांढरी.

कंपनीचा माणूस म्हणाला, "हे पांढरं काय?"

सर घाईने म्हणाले, "ते भरून देऊ."

मी म्हटलं, "नाही. तिथे मोजायची परवानगी नव्हती."

लडकूदादा हसले. "ताई, परवानगी अध्यक्ष देतो. मी दिली की."

"ज्यांची झाडं त्यांनी दिली नाही, दादा."

तोंडातून निघून गेलं. जीभ चावली. पण शब्द शाळाभर पसरला होता.

"कोनाची झाडं?" लडकूदादा उभे राहिले. "रान ग्रामसभेचं. घळीत कोनाची झाडं?"

"मी सांगणार नाही."

सर दबक्या आवाजात म्हणाले, "भूमिका, नोकरीचा विचार कर." मी केला. खरंच केला, दोन श्वासांइतका. वाशिंदचं घर, आईचा चेहरा, दीपेशचे मामा. "मी सांगणार नाही," पुन्हा म्हटलं. "त्यांनी मला विश्वासाने सांगितलंय. चुकून एवढं बोलले तीच माझी चूक."

लडकूदादा लोकांकडे वळले. "मंग कोन सांगनार?"

मागून आवाज आला, "माझी तीन."

अंबूबाई. भिंतीला हात लावून उठत होत्या.

"अक्का, खाली बस," लडकूदादा म्हणाले.

"का बसू? गावभर सांगत फिरतोस, भैनीला पोसतो म्हनून. दिवाळीला लुगडं देतोस, ते खरं. पन माझं मीठमिरची, औषद? तुझ्या रुपाच्या लग्नात मी परात दिली, ती कुठनं आली, इचारलंस कधी? त्या तीन हिरड्यांतनं आली. मला तू नाय पोसत, लडक्या. मला झाडं पोसतात."

मग सावळी उठली. तिचा भाऊ समोरच बसला होता, तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. "माझी दोन. हिरवी चिंधी." मग चंद्रकलामावशी, "माझी चार." मग कुणी एक म्हातारी, मग एक लेकुरवाळी, एकेक करत सगळी मागची भिंत उठली. प्रत्येकीने आकडा सांगितला आणि बसली नाही, उभीच राहिली.

मी चाळीस गोल मोजले, पण अशी मोजदाद पाहिली नव्हती.

कंपनीचा माणूस म्हणाला, "घळ नसेल तर आम्हाला ठेक्याचा फेरविचार करावा लागेल."

लडकूदादांना मी कधी इतकं म्हातारं पाहिलं नव्हतं. त्यांनी नळाचं स्वप्न पाहिलं होतं, ते काही खोटं नव्हतं. त्या पाण्यासाठी उद्याही याच बायका हंडे घेऊन विहिरीवर जाणार, हे त्यांना आणि मलाही दिसत होतं. ते कंपनीच्या माणसाकडे वळले.

"करा इचार," म्हणाले. "घळ ठेक्यात नाय. ग्रामसेवक, लिवा. एकेकीचं नाव लिवा."

नावं लिहून होईपर्यंत कंपनीची गाडी गेली होती, शेखर सरांना घेऊन.

बाहेर पडताना लडकूदादा बहिणीजवळ थांबले. "मला सांगायचंस ना, अक्का."

"सांगितलं असतं तर ती झाडं तुझी झाली असती," अंबूबाई म्हणाल्या. रागाने नाही, कालवणात मीठ किती ते सांगावं तसं.

३ एप्रिल, गुरुवार. कोंडेवाडी

सरांचा मेसेज आला, सोमवारपासून यायची गरज नाही. मी उत्तर दिलं, गुरुवारपासूनच येत नाहीये.

आता ग्रामसभा स्वतःच जंगलाचा आराखडा करणार आहे. त्यात घळ बायकांच्या नावाने येईल. आणि नावाने यायची तर मोजावी लागेल. काल मावशी म्हणाल्या, "आमी समद्या बसलो, ठरवलं. तू मोज. पन फांदी मोडायची नाय, नि चिंधी सोडायची नाय." पगाराचं कुणी बोललं नाही, मीही नाही. जेवणखाण मावशींकडे. पुढचं पुढे बघू.

आज पाचही गोल झाले. माझ्या नकाशाचा अंदाज होता सहाचा. सरासरी अकरा निघाली. इतकी सपशेल चुकले, आणि इतका आनंद मला बरोबर आल्यावरही कधी झाला नव्हता. सावळी म्हणाली, "तुमचं गनित कमीच धरतं वाटतं आमाला." म्हटलं, आता नाही धरणार.

वर सोंडेवर आले तशी रेंज आली आणि आईचा फोन. दबकं बोलत होती. दीपेश, त्याचे मामा आणि आणखी दोघं येऊन बसलेत. समजुतीने मिटवायचं म्हणतात. संध्याकाळपर्यंत येशील का?

"नाही."

"अगं, मानसं घरात बसलीत. त्यांना काय सांगू?"

"सांग, भूमिका कामात आहे. चहा पाज आणि पाठव."

मला वाटलं, आई रडते की काय. मग तिकडून कपबशांचा आवाज आला आणि ती हळूच म्हणाली, "बिनसाखरेचाच पाजते."

सावळी खालून हाका मारत होती. टेप तिच्याकडे होता, दोरी माझ्याकडे. उतरले.